‘इथं चालत नाही’ म्हणणाऱ्या मंडळींना

बेळगावच्या बागा, मैदानं, तलावकाठ, बस आणि गल्लीबोळांच्या स्वयंभू राखणदारांना,

सप्रेम नमस्कार.

मायन्यात तुमचं नाव घालता आलं नाही, कारण तुमची नेमणूक कुणी केली हेच ठाऊक नाही. महापालिकेच्या हजेरीपटावर तुम्ही नाही, कॅन्टोन्मेंटच्या नाही, परिवहन मंडळाच्या तर नाहीच. तरी सकाळी साडेसहाला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तुम्ही असता, दहाला सीबीटी बसस्थानकावर असता, दुपारी गणपत गल्लीत आणि ऊन उतरलं की किल्ला तलावाच्या काठावर. सगळीकडे एकच माणूस हिंडत नाही एवढं कळतं मला. पण वाक्य एकच असतं: “ओ, इथं चालत नाही.”

कुणी सांगितलं असं विचारलं की “सगळ्यांना माहीत आहे” हे उत्तर येतं. माझं सगळं आयुष्य याच गावात गेलं, लहानपण शहापुरात आणि संसार हिंदवाडीत. मला माहीत नव्हतं.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. नियम मोडणाऱ्यांची वकिली करायला मी हे लिहीत नाही. गुटख्याच्या पिचकारीनं रंगलेली बसस्टॉपची भिंत मलाही किळसवाणी वाटते. बागेत वाढदिवसाचा केक कापून मलई झाडाला फासणाऱ्या पोरांना कुणी दोन शब्द सुनावले तर मी मनातल्या मनात टाळ्या वाजवते. आपल्या शहरात सार्वजनिक जागेचा मालक कुणीच नसल्यासारखं वागायची रीत आहे, आणि तुमच्यातल्या काहींच्या टोकण्यामुळे दोन-चार जागा स्वच्छ राहिल्या आहेत हे मी नाकारणार नाही. माझं भांडण आहे ते तुम्ही बोलता कुणाच्या वतीनं, याच्याशी.

आमच्या भागातल्या एका बागेत चालायची वाट गोल आहे. सकाळच्या मंडळींनी ठरवून टाकलंय की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांप्रमाणेच चालायचं. बोर्ड कुठंच नाही. का, म्हणून विचारलं तर एक काका म्हणाले, समोरासमोर आले की लोक गप्पा मारायला थांबतात आणि वाट अडते. दुसरे म्हणाले, प्रदक्षिणा उजवीच घालतात. वाटेच्या मधोमध पाण्याची टाकी आहे. तिला प्रदक्षिणा घालून काय पुण्य लागतं ते मला अजून उमगलेलं नाही. बरं, काही हरकत नाही, बहुतेकांना सोयीचं असेल तर चालोत बापडे. पण तिथं एक आजी यायच्या, त्या उलट्या फिरायच्या. रोज कुणीतरी त्यांना थांबवायचं. “आजी, उलट्या चाललाय.” “आजी, इकडून नाही जायचं.” एका बाईंनी तर हाताला धरून त्यांचं तोंड फिरवलं, लहान पोराचं फिरवावं तसं. आजी काही बोलल्या नाहीत. मग त्या नऊ-साडेनऊला येऊ लागल्या, उन्हात, मंडळी घरी गेल्यावर.

मी एकदा त्यांच्याबरोबर बसले तेव्हा कारण कळलं. त्यांना एका कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं जेमतेम. मागून झपाझप येणारी माणसं अंगावर येईपर्यंत कळत नाहीत, दचकायला होतं, एकदा तोल जाऊन पडल्याही होत्या. समोरून आली की दिसतात. एवढंच. मी म्हटलं, मग सांगायचं की त्यांना. त्या म्हणाल्या, “कुणी विचारलं काय?”

आता याच काकांनी जर म्हटलं असतं, “आजी, तुम्ही समोरून आला की मला थांबायला लागतं, माझी लय तुटते, जरा कडेनं चालता काय?” तर दोन मिनिटांत दोघांचं जमलं असतं. त्यात काकांची अडचण काकांची राहिली असती. आजींनाही स्वतःची सांगता आली असती. पण काका स्वतःच्या वतीनं बोललेच नाहीत. ते बोलले त्या नियमाच्या वतीनं, जो कुणी केला नाही, कुठं लिहिला नाही, ज्याच्यावर दाद मागायला कुठलं ऑफिस नाही. अशा नियमाशी कोण वाद घालणार? एक तर भांडायचं, नाही तर नऊ वाजता यायचं. सत्तरी ओलांडलेली बाई दुसरंच करणार.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की बाई राईचा पर्वत करतात. असेल. पण मी पाहते ते असं की तुमचा नियम कुणाला अडवतो यात एक हिशेब असतो. दुपारच्या सुट्टीत बागेच्या बाकावर डबा उघडणाऱ्या बांधकामावरच्या बायांना तुम्ही सांगता, इथं जेवायचं नाही. रविवारी सहकुटुंब भेळ आणि कट्लेट घेऊन येणाऱ्यांना सांगताना मी तुम्हाला पाहिलं नाही. चपला काढून हिरवळीवर आडव्या झालेल्या हमालाला उठवता; योगासनं करणाऱ्यांची चटई त्याच हिरवळीवर असते. प्लास्टिकच्या चेंडूनं खेळणारी वस्तीतली पोरं त्रासदायक, आणि शटल कॉकची जाळी बांधून अर्धी मोकळी जागा अडवणारे मात्र आरोग्याबाबत जागरूक. हे तुम्ही ठरवून करत नसाल. पण जो वळून विचारणार नाही त्यालाच टोकणं सोपं असतं, हे तुमच्या जिभेला आपोआप कळतं.

बसमध्ये तर नियमांचा नुसता सुकाळ आहे.

11 जून 2023 ला शक्ती योजना सुरू झाली आणि कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातल्या बायकांना तिकीट माफ झालं. त्याआधी उचगाव, हिंडलगा, येळ्ळूर, कंग्राळीकडून भाजी घेऊन येणारी बाई वडापमध्ये दाटीवाटीनं यायची किंवा आठवड्यातून मोजके फेरे करायची. आता ती बसनं येते, हातात शून्य रुपयांचं ‘झिरो तिकीट’ असतं. गर्दी वाढली, हे खरं. पुरुषांना उभं राहायला लागतं, हेही खरं. पण बसमध्ये एक नवा कायदा कधी मंजूर झाला ते मला समजलं नाही: “तुम्हाला फुकट आहे न्हवं? मग उठा, पैसे दिलेल्याला बसू दे.” हे मी कॉलेजच्या पोराच्या तोंडून ऐकलंय, पेन्शनर गृहस्थाच्या तोंडून ऐकलंय, आणि खोटं कशाला सांगू, पासधारक नोकरदार बाईच्या तोंडूनही ऐकलंय. भाजीवाली उठते. तिला वाटतं की असेल असा नियम.

असा नियम नाही. झिरो तिकीट हे तिकीटच आहे. त्याचे पैसे महामंडळाला सरकारनं द्यायचे असतात. उलट नियम पाहिजेच असेल तर खरा नियम आहे की. आलिशान आणि एसी गाड्या आणि बंगळूरची शहर बस सोडली तर बाकीच्या बसमध्ये निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव ठेवायच्या, हे योजनेच्या आदेशातच होतं. तेव्हा ज्याला उभं राहून पाय दुखले त्यानं कंडक्टरला सांगावं की बाबा, त्या आदेशाप्रमाणे मला जागा दे. तो मागण्याचा मार्ग आहे. पण त्यासाठी आदेश माहीत पाहिजे आणि कंडक्टरशी बोलायला पाहिजे. त्यापेक्षा डोक्यावरचा पदर सावरत गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला उठवणं सोपं.

आणि आपण सीमेवर राहतो, म्हणून आपल्याकडे याला आणखी एक फाटा फुटतो. शक्तीसाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, आणि ते बघायचं काम कंडक्टरचं. पण महाराष्ट्रातल्या शिनोळीकडून, चंदगडकडून बाजाराला, दवाखान्याला येणाऱ्या बायका आपल्या बसमध्ये असतात. त्या बिचाऱ्या तिकीट काढूनच बसतात. महाराष्ट्राच्या एस.टी.त त्यांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. एकाच रस्त्यावर, एकाच बाजारासाठी निघालेल्या दोन बहिणींचं तिकीट वेगळं, कारण एकीचं सासर सीमेच्या रेघेच्या अलीकडं आणि दुसरीचं पलीकडं. सरकारांनी केलेला हा घोळ पुरेसा नाही म्हणून शेजारच्या सीटवरून तुम्ही विचारता, “आधार कुठलं तुमचं?” ती चाचपत पिशवीतून कार्ड काढते आणि तुम्हाला दाखवते! तुम्ही कोण हे ती विचारत नाही. तुमचा शर्ट इस्त्रीचा असतो, आवाज खडा असतो, तेवढ्यावर तुम्ही साहेब ठरता.

पुढचं तर तुम्हालाही माहीत आहे. ज्याला टोकलं तो दुसऱ्या भाषेत उत्तर देतो आणि सीटचा विषय संपतो. मग कन्नड की मराठी, कुणाचं गाव, कुणाचं राज्य. पायात पिशवी ठेवली होती एवढ्यावरून निघालेलं बोलणं दोन स्टॉपमध्ये 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मागं गेलेलं मी ऐकलं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ एका बसमधल्या वादावादीनंतर दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस सीमेवर अडल्या. ज्यांनी दवाखान्याच्या तारखा घेतल्या होत्या, ज्यांच्या परीक्षा कोल्हापुरात होत्या, त्यांनी काय केलं असेल? त्या प्रकरणात कोण बरोबर हे ठरवायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. मी त्यात पडत नाही. पण आपल्या गावात किरकोळ गोष्टीवरून अनोळखी माणसाला टोकायचं तर पुढं काय काय होऊ शकतं याचा अंदाज ठेवूनच तोंड उघडलं पाहिजे. पुण्यात किंवा हुबळीत टोकणाऱ्याला एवढी काळजी घ्यायला लागत नसेल. आपल्याला लागते.

उलट, चांगलं टोकणं कसं असतं तेही याच बसमध्ये बघायला मिळतं. एक बाई चढते, हातात पोर, जागा नाही. बसलेलीकडं बघून म्हणते, “अक्का, स्वल्प सरीरी.” म्हणजे ताई, जरा सरका. बसलेली मराठी आहे, कन्नड तिला बाजारापुरतंच येतं. ती सरकते, दोघींत तिघी मावतात, पोराला खिडकी मिळते. इथं नियम निघाला नाही. अडचण होती ती सांगितली आणि समोरचीनं ऐकली.

मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांचंही तसंच. याबाबत खरा नियम आहे: उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर 2021 मध्ये कर्नाटकाच्या परिवहन महामंडळानं, केएसआरटीसीनं, बसमध्ये स्पीकरवर गाणी आणि व्हिडिओ लावायला बंदी घातली, आणि न ऐकणाऱ्याला उतरवायचा अधिकार दिला कंडक्टरला. तुम्हाला नाही, मलाही नाही. म्हणून मी अशा वेळी म्हणते, “दादा, माझं डोकं दुखतंय, जरा आवाज कमी कर की.” बहुतेक वेळा करतात. नाही केला तर कंडक्टर आहे, आणि तोही गर्दीत पुढं अडकलेला असला तर सहन करते. प्रत्येक वेळी जिंकलंच पाहिजे असं कुठं आहे?

गणपत गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोडवरच्या मंडळींबद्दल थोडक्यात. दुकानासमोरचा रस्ता तुमचा नाही. तिथं फुटक्या कुंड्या, सिमेंट भरलेले डबे आणि ‘गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ असली पाटी लावली म्हणून तो होत नाही. पार्किंग कुठं करायचं नाही हे ठरवायचं काम पोलीस आणि पालिकेचं. दुसऱ्याच्या टायरची हवा सोडणं म्हणजे नियम पाळायला लावणं नसून नुकसान करणं आहे. यावर यापेक्षा जास्त लिहायची गरज वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते एकदा बघून घ्यावं म्हणून मी चाळला. सामान्य माणसालाही दुसऱ्याला पकडायचा अधिकार कायद्यानं दिला आहे बरं का. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 40 वं कलम. तुमच्या डोळ्यांदेखत कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, किंवा समोर न्यायालयानं घोषित केलेला फरारी गुन्हेगार दिसला, तर तुम्ही त्याला धरू शकता, आणि विनाकारण वेळ न काढता सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करायचं असतं. बाकावर डबा खाणं त्यात बसत नाही. उलटं चालणंही नाही. दोघांनी तलावाकाठी बसणं तर नाहीच नाही.

तलावाचं नाव मी मुद्दाम काढलं. जानेवारी 2024 मध्ये किल्ला तलावाजवळ एक तरुण आणि एक तरुणी बसली होती. बेरोजगार तरुणांना भत्ता देणाऱ्या युवानिधी योजनेचा अर्ज भरायच्या कामानं शहरात आलेली, नात्यानं भाऊ-बहीण. एका टोळक्यानं त्यांना गाठलं, भलतंच समजून मारहाण केली. पोलिसांनी नंतर अटकसत्र केलं, बातम्या राज्यभर झाल्या. तुम्ही लगेच म्हणाल, आम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवू नका. बसवत नाही. चालायची दिशा सांगणारे काका आणि ते टोळकं यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तरी मला एक गोष्ट खुपते. त्या वेळी तलावाकाठी इतर माणसं असणारच. टोळक्यानं “कोण तुम्ही, इथं का बसलात?” असं दरडावलं असेल तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात वावगं काय वाटणार? हा प्रश्न ती रोज ऐकतात. बागेत, बसमध्ये, गल्लीत, कुणीही कुणालाही विचारतो. विचारायचा हक्क कुणाला आहे हे बघायची सवयच आपल्याला राहिली नाही, म्हणून चुकीच्या माणसानं विचारलं तरी आपले कान उभे राहत नाहीत.

राखणदारीत आपल्या गावाची एक चांगली परंपरा आहे, तिचा इथं उल्लेख केला पाहिजे. अनंत चतुर्दशीच्या रात्री कपिलेश्वर तलावावर मंडळांचे कार्यकर्ते बघा. रात्रभर गर्दी आवरतात, आलेल्यांना रांगेत लावतात, लहान पोरांना काठावरून मागं ओढतात, ओरडतातही. पण त्यांच्या छातीवर बिल्ला असतो, मंडळाचं नाव असतं, काही झालं तर कुणाकडं जायचं ते गल्लीला ठाऊक असतं. आणि सकाळी बिल्ला उतरवून ते पुन्हा प्लंबर, रिक्षावाले, बँकेतले क्लार्क होतात. विसर्जनानंतर चौथ्या दिवशी त्यातला कुणी मला रस्त्यात अडवून रांगेत उभं राहा म्हणत नाही.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्याजवळ दोन गोष्टी आहेत ज्या आमच्यासारख्यांकडं नाहीत: वेळ आणि चिकाटी. रोज सकाळी तुम्ही एकत्र जमता, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, नगरसेवक ओळखीचे आहेत. ती चिकाटी आजींच्या मागं लावण्याऐवजी पालिकेच्या मागं लावा. बागेचे खरे नियम काय आहेत ते लेखी मागा. मिळाले की बोर्डावर लावायला लावा.

बोर्ड कसा असावा याचा नमुना सरकारकडं आधीच आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान बंदीचे नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झाले. त्यात फलकाचा आकार सांगितलाय, निदान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर. त्यावर काय लिहायचं ते सांगितलंय. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की तक्रार कुणाकडं करायची त्या माणसाचं नाव ठळक लावायला सांगितलंय. म्हणजे बिडी ओढणाऱ्यालाही कळतं की आपल्याला अडवणारा कोण आहे, आणि धुरानं खोकणाऱ्यालाही कळतं कुणाकडं जायचं. हे नाव किती ठिकाणी लागलेलं दिसतं ते सोडा. नियम तरी नीट लिहिलाय. बागेच्या फाटकावर असाच एक फलक लागला तर? आत काय चालतं, काय नाही, कुणाच्या आदेशानं, आणि अडचण आली तर कुणाला हाक मारायची.

आणि तो कन्नडबरोबर मराठीतही असू द्या. हे मागताना आवाज चढवायची गरज नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं 1956 मध्येच निवेदन काढलं होतं. ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत अशी लोकसंख्या 15 ते 20 टक्के असेल तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, असं त्यात म्हटलंय. आपल्या भागातल्या मराठी माणसांनी या एका ओळीसाठी किती वर्षं अर्ज केले ते तुमच्या घरातल्या थोरांना विचारा. मी ते आंदोलन म्हणून इथं काढत नाही. मला फक्त एवढं दिसतं की शहापुरातल्या म्हाताऱ्या बाईला फाटकावरचा कन्नड बोर्ड वाचता येत नाही, आणि मग ज्याला वाचता येतो तो सांगेल तो नियम. बोर्डावर ‘फुले तोडू नका’ एवढंच असतं आणि तिला सांगितलं जातं की बसायचंच नाही. कन्नड वाचणारी एखादी बाई महाराष्ट्रातल्या जतमध्ये किंवा गडहिंग्लजात असली तर तिचीही हीच गत होत असणार, आणि तिलाही तिच्या भाषेतला बोर्ड मिळाला पाहिजे.

फलक लागेपर्यंत एवढं करा. काही खुपलं तर “मला” म्हणून बोला. मोबाईल काढून समोरच्याचा व्हिडिओ करू नका. तो तुमच्या ग्रुपवर दोन तास चघळला जातो आणि त्या माणसाच्या गावात दोन वर्षं. कुणी उलट विचारलं की तुम्ही कोण, तर रागावू नका. स्वतःचं नाव सांगा.

पालिकेत निवेदन द्यायला जायचं ठरलं तर मला कळवा. मसुदा मराठीत मी लिहून देते, कन्नडसाठी आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका तयार आहेत, त्यांना मी विचारून ठेवलंय. दुपारी चारनंतर गेलो तर साहेब भेटतात म्हणे.

आपली,
एक हिंदवाडीकर